स्टँडअप पॅडल किती लांब, कसलं आणि का? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टँडअप पॅडल म्हणजे पाण्यावर बोर्डवर उभं राहून एका लांब वल्ह्यानं, म्हणजे पॅडलनं, वल्हवायचा खेळ. त्याचा बोर्ड घेताना माणसं आठवडाभर खल करतात. लांबी, रुंदी, रंग, पंप कुठला, सगळं बघतात. पॅडल मात्र बोर्डच्या पिशवीतून जे निघेल ते. खरं तर बोर्डवर तुम्ही नुसते उभे असता, तासभर राबतं ते पॅडल, आणि त्याची लांबी चुकली की दुसऱ्या दिवशी खांदा नाहीतर कंबर बोलते. माझं सांगणं एवढंच की लांबी दुकानात कायमची ठरवून टाकू नका. आधी कमीजास्त करता येणारं पॅडल घ्या, आपलं पाणी आणि आपला खांदा काय म्हणतो ते बघा, आणि शंका आली तर लांबीपेक्षा आखूडपणाकडं झुका.

आपल्याकडं बहुतेकांची सुरुवात तलावातल्या किंवा धरणाच्या साठलेल्या पाण्यावर होते आणि वर्षातून एखादी फेरी तारकर्लीला. उत्तरं तेवढं धरून दिली आहेत.

लांबी ठरवायची कशी? एका वाक्यात सांगा.

अनवाणी उंची मोजा आणि तिच्यात १५ ते २० सेंटिमीटर मिळवा. पाच फूट सहा इंच, म्हणजे साधारण १६८ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला १८३ ते १८८ चं पॅडल लागतं. पाच फूट दोन इंचाला १७३ ते १७८, सहा फुटाला १९८ ते २०३. पॅडलची लांबी पात्याच्या टोकापासून दांड्याच्या वरच्या टोकाला बसवलेल्या मुठीच्या माथ्यापर्यंत मोजतात. उंची आधारकार्डावरची किंवा लग्नाच्या बायोडाटातली धरू नका. भिंतीला टाचा टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून, टेपनं मोजा.

हात वर करून मनगटापर्यंत मापायची रीत चालते का?

चालते, पण नीट केली तर. पॅडल उभं करायचं, पात्याखाली पायपुसणं घ्यायचं म्हणजे टोक खरवडत नाही, आणि हात डोक्यावर न्यायचा. मूठ मनगटाशी आली की माप बरोबर असं सांगतात. गंमत अशी की मोजताना प्रत्येक जण शाळेतल्या कवायतीसारखा हात कडक ताणतो, आणि मग पॅडल नकळत आठ-दहा सेंटिमीटर लांब निघतं. कोपर थोडं वाकलेलं, खांदा खाली सोडलेला, अशा सैल हातानं मापा. टेप आणि मनगट या दोन मापांत फरक आला तर टेपचं ऐका.

काही तक्त्यांत उंचीपेक्षा २५-३० सेंटिमीटर जास्त दिलेलं असतं. मग खरं काय?

तसले तक्ते जुन्या काळचे आहेत. हा खेळ वाढू लागला तेव्हा पॅडल लांबच असायची. पुढं लोकांचे खांदे दुखायला लागले, शर्यतीवाल्यांना कळलं की आखूड पॅडलनं वल्हं भरभर पडतं, आणि मापं हळूहळू खाली आली. लांब पल्ल्याच्या सपाट पाण्यावरच्या शर्यतीत, अरुंद आणि उंच बोर्डवर, २५ पर्यंत जाणारे आजही आहेत. पण त्यांचं तंत्र घोटलेलं असतं. रविवारी सकाळी तासभर पाण्यावर जाणाऱ्यानं त्यांचं माप उचलण्यात अर्थ नाही.

पॅडल लांब झालंय की आखूड, हे पाण्यावर कळतं का?

जमिनीवर कळत नाही, पाण्यावर दहा मिनिटांत कळतं. फक्त कुठं बघायचं ते माहीत पाहिजे.

मित्राला काठावर उभं करा आणि मोबाईलवर बाजूनं व्हिडिओ काढायला सांगा. पातं पूर्ण पाण्यात गेलेलं असतानाचं चित्र थांबवा आणि मुठीवरचा हात बघा. तो कपाळाच्या किंवा डोळ्यांच्या उंचीवर असेल तर ठीक. डोक्याच्या वर गेला असेल आणि खांदा कानाकडं चढला असेल, तर पॅडल लांब आहे. हात डोक्यावर ठेवून जोर लावला की खांद्याच्या आतले बारीक स्नायू चिमटीत सापडतात. सुरुवातीला नुसतं अवघडल्यासारखं वाटतं, मग रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. लांब पॅडलची आणखी एक खूण म्हणजे बाजू बदलताना ते बोर्डवरून सरळ पलीकडं जात नाही. हात आणखी उंच करावा लागतो आणि पातं बोर्डच्या कडेवर आपटतं.

आता उलट बाजू. पातं पूर्ण बुडवण्यासाठी प्रत्येक वेळी कमरेतून खाली जावं लागत असेल, किंवा पात्याचा वरचा चतकोर भाग हवेतच राहत असेल, तर पॅडल आखूड आहे. मात्र निष्कर्ष काढायची घाई नको. नवखा माणूस गुडघे ताठ ठेवतो, घाबरून पाण्याकडं बघतो आणि कंबर मोडून वल्हवतो. त्याचं पॅडल आखूड नसतं, गुडघे ताठ असतात. आधी गुडघे सैल सोडा, नजर समोर ठेवा, मग पाठीचं काय ते बघा.

जुळवाजुळव एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरचीच करा. एकदम दहा कमी केलं तर नेमकं कशामुळं बरं वाटलं ते कळत नाही. मनाजोगतं माप सापडलं की दांड्यावर इलेक्ट्रिकल टेपची चिकटपट्टी मारून ठेवा.

माझा बोर्ड हवा भरायचा आहे. त्यानं मापात फरक पडतो?

पडतो, पण दुकानात सांगतात तेवढा नाही. हवा भरायचे बोर्ड बहुधा १५ सेंटिमीटर जाड असतात, कडक बोर्ड ११-१२ च्या आसपास. हिशेब करून बघू. तुम्ही ८० किलोचे, बोर्ड १० किलोचा, म्हणजे ९० लिटर पाणी बाजूला सारलं जाणार. हवेच्या ३०० लिटरच्या बोर्डचा तीस टक्के भाग बुडाला, म्हणजे १५ पैकी साडेचार सेंटिमीटर. तुम्ही पाण्यापासून दहा-साडेदहा सेंटिमीटर वर. तेच १८० लिटरच्या कडक बोर्डचा निम्मा भाग बुडेल आणि तुम्ही साडेपाच-सहा सेंटिमीटर वर राहाल. बोर्ड टोकाकडं वर वळलेला असतो, त्यामुळं हे आकडे ढोबळ आहेत. पण फरक पाचेक सेंटिमीटरचा, हे नक्की. मग हवेच्या बोर्डला उंची अधिक २० आणि कडक बोर्डला उंची अधिक १५ धरा. हवा कमी भरली असेल तर बोर्ड मधोमध वाकतो आणि सगळंच गणित बिघडतं, तेव्हा पंप मारायचा कंटाळा करू नका.

घरात आम्ही तिघं वापरणार. एकच पॅडल पुरेल?

कमीजास्त होणारं घेतलं तर पुरेल. घेताना सगळे जण ते जास्तीत जास्त किती लांब होतं ते विचारतात. कमीत कमी किती होतं हे कोणी विचारत नाही, आणि घोळ तिथंच होतो. समजा घरात ताई पाच फुटांच्या आहेत, म्हणजे १५२ सेंटिमीटर. त्यांना १७० च्या आसपासचं पॅडल पाहिजे. बाजारातली बरीच पॅडल १७५-१८० च्या खाली येतच नाहीत. मग ताई महिनाभर हात डोक्यावर धरून वल्हवतात आणि 'मला नाही जमत हे' म्हणून सोडून देतात. सगळ्यात बुटक्या माणसाचं माप आधी बघा. उंच माणसाचं बहुतेक वेळा निघतंच.

मुलगी दहा वर्षांची आहे. मोठ्यांचं पॅडल आखूड करून दिलं तर?

नको. लांबी जुळली तरी पातं मोठं, दांडा जाड आणि वजन जास्त. तिच्या मुठीत दांडा मावत नाही, म्हणून ती तो घट्ट आवळते आणि पाच मिनिटांत हात भरून येतात. मुलांसाठी वेगळी पॅडल मिळतात, बारीक दांड्याची आणि लहान पात्याची. तिच्या उंचीत १० ते १५ सेंटिमीटर मिळवा. वाढती पोर आहे, तेव्हा लांबी वाढवता येणारंच घ्या. अंगात तिच्या मापाचं लाइफ जॅकेट हवंच, आणि ते बाबांचं पट्टे आवळून बसवलेलं नको.

पातं केवढं घ्यावं? तालमीतली पोरं म्हणतात मोठ्यात मोठं दे.

तालमीतल्या पोरांच्या ताकदीबद्दल शंका घेण्याची माझी प्राज्ञा नाही. पण इथं प्रश्न ताकदीचा नसून किती वेळ टिकवायचं आहे याचा आहे. मोठं पातं म्हणजे सायकलचा जड गिअर. जोतिबाच्या चढाला जड गिअर टाकून पहिलं वळण झोकात घेता येतं, पुढच्या वळणांचं काय? मोठ्या पात्यानं पहिली पन्नास वल्ही जोरात बसतात, मग माणूस पातं पाण्यातून नीट काढेनासा होतो, खांदा ओढू लागतो आणि बोर्ड डावी-उजवीकडं नाक फिरवत जातो. लहान पात्यानं वल्ही जास्त मारावी लागतात, पण प्रत्येक वल्हं हलकं असतं आणि तोलही राहतो.

पात्याचं क्षेत्रफळ बहुधा चौरस इंचांत छापलेलं असतं. एक चौरस इंच म्हणजे जवळपास साडेसहा चौरस सेंटिमीटर. वजन ६० किलोच्या आत असेल तर ८० चौरस इंचांच्या आसपासचं पातं बघा. ६० ते ८० किलोला ८५ ते ९५. त्याच्या वर ९५ ते १०५. शंभराच्या पुढं जायचं तर खरंच धिप्पाड माणूस आणि मोठा बोर्ड असावा. खांद्याला जुनं दुखणं असेल, मग ते क्रिकेटचं असो की लाल मातीतलं, तर आपल्या वजनाच्या गटापेक्षा एक पायरी खालचं पातं घ्या.

छापील आकडा नसेल तर रुंदी मोजा. साडेसात-आठ इंच रुंद पातं बहुतेकांना पुरतं. नऊ इंचांचं दिसलं तर थांबून विचार करा.

पात्याचे आकार वेगवेगळे दिसतात. त्यानं काय होतं?

मुख्य दोन जाती. थेंबाच्या आकाराचं पातं खाली रुंद आणि वर निमुळतं असतं. ते पाणी पटकन धरतं, पण जोर लावला की थोडं डगमगतं. दुसरं उभट, दोन्ही कडा जवळजवळ समांतर. ते पाण्यात सरळ उतरतं, बोर्डच्या कडेला चिकटून ओढता येतं आणि बोर्ड कमी वळवतं. नवख्याला मी दुसरं सांगतो. जलपर्णीच्या कडेनं जाताना अरुंद पातं सुटतंही लवकर, रुंद पात्यावर देठांचा झुपका बसतो. पात्याच्या ओढायच्या बाजूवर मधोमध उभा कणा असेल तर चांगलं. त्यानं पाणी दोन्ही कडांनी सारखं निसटतं आणि पातं थरथरत नाही.

पातं पुढं वाकलेलं असतं. ते कुठल्या बाजूला धरायचं?

हा प्रश्न लाजून शेवटी विचारतात, म्हणून मी आधीच सांगतो. पॅडल समोर उभं धरलं की पात्याचं टोक तुमच्यापासून लांब, बोर्डच्या नाकाकडं झुकलेलं दिसलं पाहिजे. मनाला उलटं वाटतं. वाकलेली बाजू चमच्यासारखी आपल्याकडं असावी असं हात सांगतो, आणि पहिल्या दिवशी निम्मी माणसं तसंच धरतात.

कारण असं. दांड्यापासून पातं साधारण सात ते बारा अंश पुढं झुकवलेलं असतं. वल्हं ओढताना दांडा आधी पुढं टेकलेला असतो, मग उभा होतो, मग वरचा हात पुढं जातो. पातं पुढं झुकलेलं असलं की ते पायांजवळ येईपर्यंत पाण्यात सरळ उभं राहतं आणि पाणी मागं ढकलतं. उलटं धरलं तर ते पायांच्या बरंच आधी पाणी वर उचलायला लागतं. तुमची ताकद पाणी उपसण्यात जाते आणि बोर्ड जागच्या जागी खाली-वर होतो. पातं घोट्यांच्या रेषेत आलं की बाहेर काढायचं, त्याच्या मागं ओढून फायदा नाही.

तुकड्यांचं पॅडल जोडताना मूठ आणि पातं एका रेषेत आहेत का तेही बघा. मुठीकडून दांड्यावरून एक डोळा झाकून नजर टाका. टी आकाराच्या मुठीचे दोन्ही कान पात्याच्या रुंदीला समांतर पाहिजेत. पाच अंश जरी फिरलं असलं तरी प्रत्येक वल्ह्याला पातं एका बाजूला घसरतं, आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

अॅल्युमिनियम, फायबरग्लास की कार्बन? पैसे वसूल होतात का?

बोर्डबरोबर फुकट येतं ते बहुधा अॅल्युमिनियमचा दांडा आणि प्लॅस्टिकचं पातं, वजन किलोच्या आसपास. फायबरग्लासचं ७००-८५० ग्रॅम, चांगलं कार्बनचं ४५० ते ६५०. हातात घेऊन बघितलं तर फरक किरकोळ वाटतो. पण मिनिटाला चाळीस वल्ही धरली तर तासाला २,४०० वेळा पॅडल उचललं जातं. चारशे ग्रॅमचा फरक म्हणजे तासाला ९६० किलो जादा उचल, जवळजवळ एक टन. फुकटचं पॅडल फुकट नसतं ते असं.

तरीही पहिल्याच दिवशी कार्बन घेऊ नका. पहिल्या हंगामात तुम्ही पॅडल घाटाच्या पायऱ्यांवर टाकणार, त्याच्या टेकूनं उभं राहणार, दगड ढकलणार. अॅल्युमिनियम हे सगळं निमूट सोसतं. कार्बन वाकण्याला भक्कम असतो, पण टोकदार दगडाचा एका जागी बसलेला मार त्याला सोसत नाही. बारीक चीर पडते, दिसत नाही, आणि एखाद्या दिवशी भर पाण्यात दांडा मोडतो.

मधला मार्ग म्हणजे फायबरग्लासचा किंवा मिश्र कार्बनचा दांडा आणि नायलॉनचं कडक पातं. दांडा हलका आणि मार खायला पातं चिवट. माझ्या मते आपल्या दगडी काठांना हेच सगळ्यात जमतं. आणि पैसे कुठं घालायचे असा प्रश्न असेल, तर साधा बोर्ड आणि बरं पॅडल ही जोडी भारी बोर्ड आणि फुकटच्या पॅडलपेक्षा कधीही सरस.

एकसंध घ्यावं, दोन तुकड्यांचं की तीन?

पाण्यावरचं सुख एकसंधात आहे. सांधा नाही, सांधा आवळणारा खटका म्हणजे क्लॅम्प नाही, वजन कमी. पण ते न्यायचं कसं? १८५ सेंटिमीटरचा दांडा मोपेडवर आडवा धरून दसरा चौकातून जायचं म्हणजे पोलिसाला आमंत्रण, शिवाय कोणाच्या तरी डोळ्याला धोका. तीन तुकड्यांचं पॅडल बोर्डच्या पिशवीत बसतं आणि पिशवी एसटीच्या डिकीत. गाडी नसलेल्यानं डोळे झाकून तीन तुकड्यांचं घ्यावं. चारचाकी असेल आणि घरात एकापेक्षा जास्त जण वापरणार असतील तर दोन तुकड्यांचं बरं.

दांड्याची जाडी आणि मूठ बघायची का?

हात लहान असेल तर जरूर. नेहमीचा दांडा २९ मिलिमीटरच्या आसपास असतो, बारीक २६ च्या जवळ. बोटं दांड्याभोवती जाऊन अंगठ्याला टेकली पाहिजेत. मूठ तळहातावर दाबून बघा, कड रुतत असेल तर पुढं फोड येणारच.

नदीवर न्यायचं असेल तर वेगळं पॅडल लागतं का?

पॅडलपेक्षा आधी नदीबद्दल बोलू. पंचगंगा आणि तिच्या उपनद्यांवर जागोजागी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या, घालून पाणी अडवतात, आणि मग दोन बंधाऱ्यांच्या मधला नदीचा तुकडा तलावासारखा संथ होतो. तिथं नेहमीचंच पॅडल चालतं. उथळ जागी दगड लागतात म्हणून नायलॉनचं पातं बरं, एवढाच फरक.

खरा धोका बंधारा स्वतः. वरच्या बाजूनं येताना तो पाण्याच्या पातळीवरून नीट दिसत नाही. बरग्यांच्या फटीतून पाण्याची ओढ असते, ती बोर्डला आडवं करून बंधाऱ्याला चिकटवते. वरून पाणी पडत असेल तर खालच्या बाजूला ते पुन्हा बंधाऱ्याकडंच फिरत राहतं, आणि त्यात सापडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही. दोन्ही बाजूंनी लांब राहा. पलीकडं जायचंच असेल तर बोर्ड काखेत घेऊन काठानं चालत जा.

साठलेल्या पाण्यावर लीश, म्हणजे बोर्डला तुमच्याशी जोडणारी दोरी, घोट्याला किंवा पोटरीला बांधली तर चालते. वाहत्या पाण्यावर ती पायाला बांधू नका. झाडाच्या फांदीत किंवा बरग्यात अडकली तर प्रवाह तुम्हाला पालथं दाबून धरतो आणि हात पायापर्यंत पोचत नाही. तिथं कमरेचा, एका झटक्यात सुटणारा पट्टा लागतो.

आणि पावसाळ्यात नदी नाही म्हणजे नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं, पण ते आकडे पुरासाठी आहेत, वल्हवण्यासाठी नाहीत. नदी त्याच्या कितीतरी खाली असतानाच बोर्डला झेपेनाशी होते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, तुमची वेळ विचारत नाहीत.

आणि रंकाळा, कळंबा, धरणं?

कुठं उतरायला परवानगी आहे ते महापालिका, पाटबंधारे आणि राधानगरीच्या बाबतीत वनखातं यांच्याकडं आधी विचारा. पॅडलपुरतं सांगायचं तर मोठ्या उघड्या पाण्यावर वाऱ्याचा विचार करा. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उठला की समोरून येताना पॅडल दोन-तीन सेंटिमीटर आखूड करा, गुडघे वाकवा आणि भराभर छोटी वल्ही मारा. अगदीच रेटा असेल तर गुडघ्यावर बसा आणि पॅडल जेवढं आखूड होईल तेवढं करा. क्लॅम्पवाल्या पॅडलचा खरा उपयोग तिथं कळतो.

तारकर्लीला समुद्रात नेताना काय बदलायचं?

फोंडा घाट उतरून देवबागला गेलात तर एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. खाडीत घरचंच माप ठेवा. लाटांवर जायचं असेल तर उंची अधिक १० ते १५ पर्यंत खाली या, कारण लाटेवर माणूस वाकून उभा असतो आणि पॅडल पटकन या बाजूचं त्या बाजूला न्यावं लागतं. परत आल्यावर पॅडल सगळे तुकडे सुटे करून गोड्या पाण्यानं धुवा. खारं पाणी अॅल्युमिनियमच्या सांध्यात राहिलं की पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं आणि तुकडे एकमेकांना धरून बसतात.

कयाकचं दोन पात्यांचं पॅडल घरात आहे. चालेल?

बसून वल्हवायला चालेल. उभं राहून नाही, ते आखूड पडतं. काही पॅडलना मुठीच्या जागी दुसरं पातं बसवता येतं. वारा सुटल्यावर बसून परत येण्यासाठी ती सोय वाईट नाही.

सुताराकडून लाकडी करून घेतलं तर?

हौस म्हणून जरूर. सागवानाचा हट्ट मात्र धरू नका. सागाचं अख्खं पॅडल एक किलोच्या पुढं जातं. शिवणीचं लाकूड त्याच्यापेक्षा बरंच हलकं. दांड्याला सरळ रेषांचं, गाठ नसलेलं लाकूड हवं, कारण मोडायचं तर ते गाठीतच मोडतं. अडचण पात्याच्या झुकावाची आहे. सरळ फळीतून तो कोरायला गेलं की रेषा तुटतात आणि मान कमजोर होते. पातळ पट्ट्या साच्यात वाकवून एकमेकींवर चिकटवणारा कारागीर असेल तरच तो झुकाव टिकतो. वरून पाण्याला टिकणारं पॉलिश, आणि दरवर्षी पुन्हा एक हात.

एकसंध पॅडल घेतलं. मूठ वेगळी आली आहे. दांडा घरी कापता येतो?

येतो, पण आधी कापू नका. मूठ चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि काठाजवळ उथळ पाण्यात दोन-तीनदा वल्हवून बघा. दांडा जोडता येत नाही, म्हणून पहिला काप लांबीकडचा ठेवा. मुठीची जाडी मापातून वजा करायला विसरू नका, कित्येकांचं पॅडल तेवढ्यानंच पाच सेंटिमीटर लांब राहतं. कापायच्या जागेभोवती मास्किंग टेपचे दोन वेढे द्या, बारीक दातांची हॅकसॉ घ्या आणि दांडा फिरवत फिरवत सगळीकडून थोडं थोडं कापा. कार्बनची धूळ छातीत जाता कामा नये. मास्क लावा आणि काप ओला ठेवा. मूठ गरम गोंदानं बसवा. पुढं बदलायची झाली तर हेअर ड्रायरनं ऊब दिली की निघते. याच कारणानं मे महिन्यात पॅडल बंद गाडीत उन्हात ठेवू नका, मूठ आपोआप फिरू लागते.

तुकडे एकमेकांत अडकलेत. काय करू?

आत गाळ वाळलेला असतो. सांध्यावर कोमट पाणी सोडा, दहा मिनिटं थांबा, मग दोघांनी दोन टोकं धरून सरळ ओढा. दांड्याला आतून खाच असेल तर पिळू नका, खाच तुटते. सुटल्यावर आतून-बाहेरून धुवा आणि सावलीत वाळवा. तेल किंवा ग्रीस लावायचा मोह होतो, पण त्याला वाळू चिकटते आणि पुढच्या वेळी आणखी घट्ट बसतं. क्लॅम्प सैल वाटत असेल तर त्याचा छोटा स्क्रू अर्धा फेरा आवळा. खटका बंद करायला दोन बोटांचा जोर लागला पाहिजे. अंगठ्याच्या टिचकीनं बंद होत असेल तर वल्हवताना दांडा फिरणार.

जुनं पॅडल मिळतंय. काय तपासू?

पात्याची मान आणि क्लॅम्पच्या वरचे चार बोटं, मोडतं ते तिथंच. कार्बन असेल तर नखानं ठोकत जा, आवाज एखाद्या जागी बद्द झाला तर तिथं आतून सुटलेलं आहे. दांडा कानाशी हलवा. आत पाणी खळखळत असेल तर सील गेलेलं आहे आणि हातातून सुटल्यावर ते तरंगेल याची खात्री नाही. शक्य असेल तर पैसे देण्याआधी पाण्यावर न्या, पूर्ण जोडून आडवं सोडा आणि पाच मिनिटं बघा. मूठ हळूहळू खाली जायला लागली तर भाव करत बसू नका, परत द्या.